काटा सत्तरवर होता

नाव गौतम अंबाजी सोनकांबळे, वय तेवीस, शिक्षण चौथी, धंदा टाईल्सच्या टेम्पोवर ड्रायव्हर, राहणार चिक्कडपल्ली, हैदराबाद, मूळ गाव देगलूर तालुक्यात. मला तेलुगू लिहिता-वाचता येत नाही. महामार्गाच्या या चौकीतील हवालदार नामदेवराव यांना मराठी येते, म्हणून त्यांच्यापुढे बसून जबाब सांगतो की,

माझी बहीण त्रिवेणी हिची मुलगी तन्वी, वय सहा, सुट्टीत माझ्याकडे आली होती. तिला परत पोचवायला मालकाने मला रजा दिली नाही. आमच्या गावच्या कुसुमताई आज दुपारच्या नांदेड बसने जाणार होत्या. त्यांना मी मावशी म्हणतो. त्यांच्यासोबत तन्वीला पाठवायचे ठरले.

नामपल्लीला एकाच कंपनीच्या दोन पांढऱ्या बस मागेपुढे उभ्या होत्या. पाट्या तेलुगूत. मी तन्वीला मागच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर बसवले, रडू नये म्हणून माझा फोन तिच्या हातात दिला आणि मावशींना बघायला खाली उतरलो. मावशी पुढच्या बसमध्ये होत्या. नांदेडची तीच होती. मागची विजयवाड्याची. मी वळेपर्यंत ती निघाली.

मावशींना टेम्पोत घेऊन मी मागे लागलो. कोठीच्या सिग्नलला अडकलो. शहर संपल्यावर बस पुन्हा समोर दिसली. मावशींनी त्यांच्या फोनवरून माझा नंबर लावला. तन्वीने उचलला. म्हणाली, "मामा, मला मागच्या काचेतून तुझा टेम्पो दिसायला." मी म्हणालो, "जागेवरून उठू नको. कुणी काही विचारलं तरी बोलू नको. मामा आलाच." फोन ड्रायव्हरकडे नेऊन दे, असे सांगायला हवे होते. सुचले नाही.

टेम्पोचा काटा सत्तरवर होता. या रस्त्याला त्या बस साठ-पासष्टने चालतात, हे मला रोजच्या फेऱ्यांमुळे ठाऊक आहे. थोड्या वेळात गाठतो असे मी धरले. मावशी म्हणाल्या, "पोलिसांना फोन लावू का रे?"

"नक्को मावशी, काटा बघा."

"काटा काय बघायलास, बस बघ की! बारकी होत चालली."

मी त्यांच्यावर ओरडलो.

पुढे रस्त्याकडेला, येणाऱ्या गाडीचा वेग दाखवणारा बोर्ड आहे. त्यावर माझा वेग अठ्ठावन्न आला. काटा सत्तरच. मालकाने मागच्या आठवड्यात टेम्पोला मागे लहान चाके बसवली आहेत. टाईल्स भरल्यावर गाडी चढाला दम धरते म्हणून आमच्याकडे तसे करतात. लहान चाक एका फेरीत कमी रस्ता कापते, पण काटा फेऱ्याच मोजतो. ओढ वाढते तेवढे मला ठाऊक होते. काट्याचे माझ्या डोक्यात आले नाही. मग मी पाय पूर्ण दाबला, पण इंजिन नुसते ओरडत राहिले. बस दिसेनाशी झाली. मावशींनी पुन्हा फोन लावला तर बंद. माझ्या फोनची बॅटरी सकाळपासूनच लाल होती. पुढे ही चौकी दिसली, तिथे थांबलो.

बसचा नंबर मला सांगता येत नाही. तन्वीच्या अंगात पिवळा फ्रॉक आहे. पायात एकच चप्पल आहे, दुसरी टेम्पोत राहिली, ती जमा केली आहे. बहिणीचा नंबर हवालदारसाहेबांनी विचारला. मी अजून दिलेला नाही.

हा जबाब मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. त्यात एक गोष्ट वाढवावी, आणि सहीआधी ती वायरलेसवर कळवावी. बस अडवली तर "हे मूल कुणाचं" असे विचारू नये. ती गप्प बसेल, सीटखालीसुद्धा जाईल. तिला मराठीत म्हणावे, "मामानं उठायला सांगितलंय." त्याशिवाय ती उठणार नाही.