बिनडोळ्यांचा पवळ्या

(अमरावतीतलं एक मंगल कार्यालय. कॉमिक्स आणि अ‍ॅनिमेच्या चाहत्यांचा मेळावा. एका टेबलामागे रागिणी, वय तेवीस. समोर तिनं स्वतः काढलेल्या चित्रकथेच्या प्रतींचा गठ्ठा. शेजारच्या खुर्चीत तिचे वडील नत्थुजी, अकोल्याचे सुतार.)

नत्थुजी : आता ते निया केसाची पोट्टी काय म्हणून गेली?

रागिणी : ते निळ्या टोपाची? काही नाही.

नत्थुजी : काही नाही कसं? चांगलं हातात घेतलं, उलटून पाह्यलं, अन् ठेवून देल्लं.

रागिणी : छपाई चुकली म्हणे. सकाळपासून ही सातवी. सगळ्यांचं एकच, कव्हरवरच्या बैलाचे डोळे कुठी गेले.

नत्थुजी : मंग कुठी गेले?

रागिणी : बाबा, तुमीबी?

नत्थुजी : मले वाटलं माहा चष्मा घरी राह्यला म्हणून दिसून नाही राहिले. आन इकडं. खरंच वं. शिंगं, झूल, गयातली घंटी, सारं उतरवलं. पायाखालचे चाकंबी आपल्या लाकडी बैलासारखे, मागचे लहान. अन् डोये कोरे?

रागिणी : तसेच राहत होते ना. मी आठवून आठवून काढलं. तान्ह्या पोळ्याले पोरं लाकडी बैल मिरवत, त्याच्या आधी आपल्या ओसरीत बैलांच्या रांगा लागत. तुमी लाकूड कोरत, आई रंग देत होती. सगळे बिनडोळ्यांचे. मी समजायची, दुसऱ्यांच्या बैलाले डोळे असतात, आपल्याले नसतात. आपली निशाणी असंन ते.

नत्थुजी : थांब, मले हसू दे आधी. बैल करणाराची पोरगी तू, अन् तेवीस वर्षं तुले हेच वाटलं?

रागिणी : हसा. मामाले शब्द देऊन आली मी. आज एक तरी पुस्तक गेलं तर चित्रं काढीन, नाही तं सोमवारपासून मुकाट त्याच्या पतपेढीत नोकरीले बसीन. दोन वाजले. चला, गठ्ठा बांधू.

नत्थुजी : बस खाली. डोये होते वं त्याइले. घरी नव्हते, बजारात होते.

रागिणी : म्हंजे?

नत्थुजी : तुले आजीपाशी ठेवून जाओ आमी, म्हणून तू पाह्यलं नाही. रस्त्याच्या कडेले पोतं आंथरून बसो. लेकरू येई, बोटानं बैल दाखवी. तुही माय त्याले नाव इचारे, अन् बैल गुडघ्यावर घेऊन त्याच्यासमोर दोन डोये काढे. लेकरू श्वाससुदा घेत नव्हतं. झालं की म्हणे, घे, आता हा तुले ओयखते.

रागिणी : घरीच काहून नाही काढून नेत होती?

नत्थुजी : लगन झालं त्या साली घरूनच काढून नेले होते. सांजीले नऊ बैल उरले. मी पोत्यात भराले गेलो, तं तुही माय भागीरथा भरू देईना. म्हणे, हे पाहून राहिले ना, पोत्यात कसे कोंबता? नऊच्या नऊ टोपल्यात मांडून डोक्यावर आणले तिनं, तेबी तोंडं समोर करून. सारा रस्ता हासे. तवापासून तिचा कायदाच झाला. ज्याचा बैल, त्याच्यासमोर डोये.

रागिणी : अन् माझा पवळ्या? लाल झुलीचा बैल? त्याले तं कधीच नव्हते. तान्ह्या पोळ्यात पोट्टे आंधळा आंधळा म्हणून चिडवत होते. मी रडत घरी आली होती.

नत्थुजी : मी म्हटलं होतं तिले, पोरीच्या बैलाले तरी काढ. तं म्हणे, हा कुठी इकला? हा तं घरचाच हाय. घरच्याले कायची ओयख पायजे.

रागिणी : हे तुमी मले कधी सांगतलं नाही.

नत्थुजी : काय सांगू? तू सात वर्षाची होती, तुही माय गेली तवा. त्या सालचे बैल तिनं रंगवून ठेवले होते. मी नेले बजारात. पह्यलं लेकरू आलं, बैल गुडघ्यावर घेतला, तं एक डोया वर गेला, एक खाली. लेकरू म्हणे, हा माह्याकडं पाहून नाही राहिला. मी सामान आवरलं अन् घरी आलो. मंग दारं केले, चौकटी केल्या, बैल नाही केला. लय आठवण येते वं तिची. अजूनबी येते.

रागिणी : मी तिचा चेहरा विसरत चालली, बाबा. आठवते तो तिचा रंगानं भरलेला हात. अन् हे बैल. म्हणून तं पुस्तक काढलं.

नत्थुजी : चांगलं काढलं. अर्धंच काढलं, पण चांगलं काढलं. हे पाय, तेच निया केसाची परत आली.

दीक्षा : ताई, ते चुकलेलं पुस्तक कमीत देता का? कथा आवडली मले. पवळ्या बैल अकोल्याहून पायी सेमाडोहच्या जंगलात जाते, ते लय भारी आहे.

नत्थुजी : चुकलेलं नाही ते, बाई. नाव काय तुहं?

दीक्षा : दीक्षा. तिवस्याहून आली. काहून काका?

नत्थुजी : रागिणी, पेन घे.

रागिणी : शाई पसरली तं?

नत्थुजी : पसरू दे.

रागिणी : बाबा, आधी कोणता डोळा काढू?

नत्थुजी : आधी उजवा काढ. तुही माय उजवाच आधी काढे.

दीक्षा : तुमी माझ्यासमोर काढून राहिल्या? थांबा, मोबाईलवर घेतो. नाही, राहू द्या. पाहतोच.

रागिणी : जरा अशी समोर ये, दीक्षा. हं. झालं. पाय बरं, दिसते का नीट?

दीक्षा : ताई, हा पाहून राहिला माझ्याकडं.

रागिणी : घे. आता हा तुले ओळखते.

दीक्षा : कमीत नको मले, पूर्ण पैसे घ्या. अन् उठू नका अठून. माझ्या मैत्रिणी तिकडं जेवून राहिल्या, त्याइले घेऊन येतो. त्याइच्यासमोरबी असेच काढान ना?

रागिणी : एकेकीचं नाव विचारून काढीन.

नत्थुजी : गेली पयत. केसाचा टोप पडीन तिचा.

रागिणी : बाबा, गेलं एक.

नत्थुजी : पाह्यलं मी. मामाले फोन करजो सांजीले. पतपेढीत दुसरी कोणी बसवा म्हणाव.

रागिणी : तुमी कायले डोळे पुसून राहिले?

नत्थुजी : चष्मा नाही ना. पाणी येते. एक मलेबी दे.

रागिणी : आणा इकडं. तुमच्याकडं पाहीन असेच काढतो.

नत्थुजी : पेन ठेव खाली.

रागिणी : काहून?

नत्थुजी : माह्या बैलाले नको काढू. मी कुठी गिऱ्हाईक हाय?