व्यवसायाचा रकाना

दवाखान्यातल्या बाकावर, माझ्या शेजारी, मायलेकी. फॉर्म लेकीच्या मांडीवर.

"व्यवसाय?"

"शिवणकाम."

"आई, अर्धांगाचा झटका आल्यापासून आठ महिने मशीनला हात लावला नाहीस. 'काही नाही' असं लिहिते."

"खबरदार!"

"संध्याकाळी मशीन विकत घ्यायला गिऱ्हाईक येतंय."

"येऊ दे. पाणी पाजून परत पाठवीन."

"त्या छीगाँगच्या, चिनी व्यायामाच्या वर्गाचं वारं भरलंय तुझ्या अंगात. सावकाश हात हलवायचे, श्वास मोजायचा, की झालं बरं!"

"बरं झालं असं मी कधी म्हटलं? गोळ्या घेतेच आहे की. पण आधी हा हात साधा चमचा धरत नव्हता."

"आणि शिकवणाऱ्या बाई म्हणतात, तू सगळं उलटं करतेस. सगळे उजवा हात आधी उचलतात, तू डावा."

"लुळा डावा पडलाय. त्यात मी डावरी. मग आधी कुणी उठायचं?"

"म्हणून तर मागच्या रांगेत टाकलंय तुला."

"टाकू देत. मागे भिंत आहे, तोल गेला तर टेकता येतं. दे ते पेन इकडे."

"डाव्या हाताने? आपला नंबर येईल आता."

"थांबेल नंबर."

"अगं, कागद फाटेल!"

"मग घट्ट धर. लहानपणी कापड धरायचीस, तसा."

"धरलाय. लिही."

"शि. व. ण."

"अक्षर वाकडं आलंय, आई."

"वाकडी टीप उसवता येते. हे खोडायचं नाही."