आमची पोल्बा म्हणजे स्पेल्ट नव्हे

रोस्तिस्लाव : वाचा ना मोठ्यानं, अग्लाया फेदोसेयेव्ना. लाजता कशाला?

अग्लाया : वाचते. आणि तुम्हा अनुवादकाला कळावं म्हणून तुमचं इंग्रजी परत आपल्या रशियनमध्ये आणते. सातवं प्रकरण, पहिलं वाक्य. "व्होल्गाकाठचा आमचा स्पेल्ट हा स्पेल्ट नव्हे."

रोस्तिस्लाव : छान आहे की. थोडं गूढ वाटतं, पण छान.

अग्लाया : गूढ! उभा जन्म गव्हाचं वर्गीकरण करण्यात घालवला, आणि शेवटी जगाला काय सांगितलं? तर मांजर म्हणजे मांजर नव्हे!

रोस्तिस्लाव : मूळ वाक्य तुमचंच आहे, बाईसाहेब.

अग्लाया : माझं वाक्य आहे, "आमची पोल्बा म्हणजे स्पेल्ट नव्हे." गहू दोन, शब्द दोन. तुम्ही दोन्ही एकाच दावणीला बांधलेत.

रोस्तिस्लाव : हा घ्या कोश. पोल्बा, अर्थ स्पेल्ट. छापील आहे, माझ्या मनचं नाही.

अग्लाया : कोशकारानं पोल्बा फक्त लापशीच्या वाडग्यात पाहिली असणार. अहो, पोल्बा म्हणजे खपली. इंग्रज तिला एमर म्हणतात. गुणसूत्रं अठ्ठावीस. स्पेल्टची बेचाळीस. निम्म्या पुस्तकात मी दुसरं काय सांगितलंय?

रोस्तिस्लाव : दोन्हींचं टरफल सुटत नाही, दोन्हींची लापशी होते. मी कवितेचा माणूस आहे. माझे अनुवाद वाचून लंडनमध्ये माणसं रडली आहेत. गवतावरून मला शिकवू नका.

अग्लाया : रडली असतील. कशामुळे, ते विचारलंत का?

रोस्तिस्लाव : हे बघा, तोंड आवरा. पुस्तक आज छापखान्यात गेलं नाही तर या वर्षाच्या छपाईच्या योजनेतून गळेल. मग पुढची योजना, पुढची समिती. तोवर आपण दोघं असू का, सांगा.

अग्लाया : मला घाई आहे म्हणूनच ओरडतेय. रशियनमध्ये हे केव्हाच छापलंय, तिकडे कुत्रंसुद्धा वाचत नाही. इंग्रजीत हवं होतं ते एका माणसासाठी.

रोस्तिस्लाव : वा! या वयात?

अग्लाया : दात काढू नका. हॅलोवेल. इंग्लंडचा गव्हातला मोठा पंडित. परिषदेत भर सभेत म्हणाला, रशियन लोक स्पेल्ट पेरतात आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. सगळं सभागृह हसलं. आमचेसुद्धा हसले. मला इंग्रजी बोलता येत नव्हतं, मी नुसती उभी राहिले. तेव्हापासून व्होल्गाकाठची, चुवाशियातली गावं पालथी घातली, ओंबीन् ओंबी तपासली. आणि आता तुमच्या कृपेनं मीच त्याला लिहून देतेय, साहेब, आमचा स्पेल्टच आहे हो!

रोस्तिस्लाव : हॅलोवेल म्हणालात? आर्थर हॅलोवेल?

अग्लाया : ओळखता की काय? तोही कविता करतो?

रोस्तिस्लाव : ग्रंथालयात परदेशी मासिकं चाळायला मिळतात मला. काळ्या चौकटीत नाव होतं. तुमच्या विषयातलं म्हणून लक्षात राहिलं. गेल्या हिवाळ्यात गेले ते. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?

(अग्लाया चष्मा काढून टेबलावर ठेवते.)

रोस्तिस्लाव : चहा मागवू?

अग्लाया : गेला. दांडगा माणूस होता. मरतानाही हसला असेल. त्याच्या त्या एका टोमण्यानं मला जेवढं कामाला लावलं, तेवढं दुसऱ्या कोणी लावलं नाही हो. आमच्या संस्थेतले नुसती मान डोलावतात.

रोस्तिस्लाव : मग एक विचारू? आता ते नाहीतच, तर... म्हणजे कोण बघणार? राहू दे ना स्पेल्ट.

अग्लाया : अक्कल गहाण टाकून आलात का सकाळी? तो असता तर चाललं असतं! खवळला असता, लेख लिहिला असता, मला मूर्ख म्हणाला असता, मी उत्तर दिलं असतं, आणि भांडता भांडता खरं काय ते बाहेर आलं असतं.

रोस्तिस्लाव : आणि आता?

अग्लाया : आता मी जे लिहीन ते तसंच राहील. खोडणारा तिकडे कोणी उरला नाही. कागद लावा टंकयंत्राला, रोस्तिस्लाव गेओर्गियेविच. ए-म-र. नीट लिहा.