नावावर वाद नाहीच

...नाही हो, नावावर वाद नाहीच, तिथंच तर सगळी गोम आहे! लोकांच्या घरी बाळाच्या नावावरून भांडणं होतात, आमच्याकडे नाव दोन मिनिटांत ठरलं, सगळ्यांना तेच हवं होतं, म्हटलं सुटलो... कसला सुटतोय? आणि नाव काय ते विचारू नका, तुम्हीही त्या नावाचा एखादा थोर माणूस काढाल, आमच्याकडे आधीच तीन झालेत.

पहिले सासरे. फौजेतून निवृत्त झाले, आवाज अजून ड्युटीवर आहे. ‘जावईबापू, या नावाचा सेनापती होऊन गेला, मूठभर माणसांनिशी किल्ला राखला त्यानं!’ बायको ऑपरेशन थिएटरात नर्स, ती म्हणाली, ‘सेनापती कुठला मध्येच, बाबा? मी त्या सर्जनवरून ठेवलंय, कंदिलाच्या उजेडात टाके घालायचे ते.’ एवढ्यात माझी बहीण, म्हणजे बाळाची आत्या, गाण्याचे क्लास घेते, तिनं कानांवर हातच ठेवले. ‘अहो, एवढा मोठा गवई होऊन गेला या नावाचा, आणि तुम्हाला मारामाऱ्या नि टाके आठवतात?’ झालं. तिघंही एकमेकांशी बोलेनात. आणि बरं का, नावावर वाद नाहीच!

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, मला कोण विचारतंय? पण मला हे लक्षण काही बरं दिसेना. का? तुम्हाला सांगतो, माझं नाव वडिलांनी एका पट्टीच्या पोहणाऱ्यावरून ठेवलंय, आणि मला बादलीतल्या पाण्याचीसुद्धा धास्ती. दर सुट्टीत तलावाच्या काठावर उभं करायचे, ‘मार उडी, नावाला जाग!’ मी रडायचो, ते मान खाली घालून घरी यायचे. ती खाली गेलेली मान अजून दिसते हो मला. म्हटलं, माझ्या पोराला असल्या काठावर कुणी उभं करायचं नाही.

ऐकतंय कोण? पोरगं नुसतं रडलं तरी सासरे म्हणणार रणगर्जना, आत्या म्हणणार सूर लागला, आणि बायको म्हणणार भूक लागलीय, पण बोटं बघा कशी लांबसडक!

परवा ते रांगत रांगत माझ्या हत्यारांच्या पेटीपाशी गेलं आणि उचलला की स्क्रूड्रायव्हर. सासरे म्हणाले, ‘तलवार!’ बायको म्हणाली, ‘पकड बघा, सर्जनची.’ आत्या म्हणाली, ‘ठेका धरतोय तो.’ आणि तेवढ्यात चौथा आवाज आला, ‘लिफ्टवाला होणार गडी! बापाचं नाव काढणार!’ तिघं वळून बघायला लागले... माझ्याकडे. मीच होतो तो. आवाज मात्र हुबेहूब वडिलांचा, तलावाकाठचा.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाळानं मात्र स्क्रूड्रायव्हर दिला भिरकावून, पेटीचं सुटं झाकण ओढलं, उलटं केलं, आत जाऊन बसलं आणि लागलं गोल गोल फिरायला, स्वतःशीच खिदळत. आम्ही चौघं जे हसत सुटलो! सासऱ्यांनी डोळे पुसत विचारलं, ‘या नावाचा कुणी झाकणात बसणारा होऊन गेला का हो?’

म्हटलं, ‘नाही बाबा. ती जागा रिकामी आहे.’

बरं वाटलं हो फार. म्हटलं, मिटलं एकदाचं... मिटतंय कसलं? सकाळी चहा घेताना सासरे हळूच माझ्या कानाशी आले. ‘जावईबापू, रात्रभर विचार केला मी. ते झाकण नव्हतं. ढाल होती ती.’

म्हटलं, हो बाबा. नावावर कुठं वाद आहे?