सी तिजानींची तेलाची वाटी

आदरणीय अध्यक्षा डॉ. राधिया मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती सी तिजानी, त्यांच्या पत्नी लल्ला मन्नाना, आणि आमच्या सफाक्सच्या छातीच्या दवाखान्यातले सहकारी व शेजारी,

सुरुवात एका प्रश्नाने करते. त्याचं उत्तर मला येत नाही, हेही आधीच कबूल करते. एका वाटीभर तेलाने किती धडधाकट माणसांना क्षयरोगी ठरवलं असेल?

मॅडम, घाबरू नका. कौतुकही येणार आहे.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आई अजून विचारते, "एवढं शिकून लोकांची थुंकीच बघतेस ना?" बघते, आई. आणि ती कशी बघायची, हे मला सी तिजानींनी शिकवलं. काचेवर लाल रंग ओतायचा, खालून आच द्यायची. "वाफ निघाली की थांब पोरी, आपण शोरबा उकळत नाही आहोत!" मग आम्लाने धुवायचं. बाकी सगळं रंग सोडतं, क्षयाचा जंतू सोडत नाही. वर निळा रंग दिला की त्या लाल काड्या उठून दिसतात. "वऱ्हाड निघून गेलं तरी न हलणाऱ्या पाहुण्यासारख्या," असं सी तिजानी म्हणायचे. (पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी मनाला लावून घेऊ नये.)

सूक्ष्मदर्शकाच्या सगळ्यात मोठ्या भिंगाला काचेवर तेलाचा थेंब लागतो. मागच्या हिवाळ्यात ते तेल संपलं, नवं काही येईना. सी तिजानींनी घरच्या जैतुनाचं तेल आणलं. काम छान चाललं. प्रयोगशाळेला न्याहारीचा वास येऊ लागला, एवढंच. टेबलावर मातीची वाटी, वाटीत काचेची सळई. सळई बुडवा, काचेला टेकवा, पुन्हा बुडवा, पुढच्या काचेला टेकवा. घरी एकाच वाटीतल्या तेलात सगळे पाव बुडवतात, त्यात आपल्याला कधी काही वावगं वाटलंय का? आम्हालाही वाटलं नाही.

फाटकाबाहेर अंडं भरलेल्या खुसखुशीत ब्रिक तळणाऱ्या शलबियामावशी तुम्हाला माहीत आहेतच. आपली हकीकत त्या स्वतःच गावभर सांगतात, म्हणून नाव घेते. सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या काचेवर मला तीन लाल काड्या दिसल्या. मी अहवाल दिला. मावशींची कढई बंद झाली. चौथ्या दिवशी त्या थेट आत शिरल्या.

"मला क्षय? अगं, तळणाचा धूर आहे तो! तपासायचंच तर कढईला तपास!"

"मावशी, काच खोटं बोलत नाही," मी म्हणाले. या वाक्याची मला आज लाज वाटते.

सी तिजानींनी मान वर केली. "काच नसेल बोलत. आपण बोलतोय का, ते बघू."

मावशींचे तीन नवे नमुने घेतले, तेल थेट बाटलीतून घातलं. एकही काडी नाही. मग सी तिजानींनी एक कोरी काच घेतली, वाटीतला थेंब तिच्यावर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिले. शेवटी खुर्ची सोडून म्हणाले, "बघ." ज्या काचेवर कुणी कधी थुंकलंच नव्हतं, तिच्यावर दोन लाल काड्या आरामात तरंगत होत्या.

"तेल माझं, वाटी माझी, सळई माझी," ते म्हणाले. "जंतू तेवढे परके."

मी हसले. ते हसले नाहीत. "अशा दोन-तीन काड्यांवर आपण कितीजणांना औषध लावलं?"

वही काढली. हिवाळ्यापासून अकरा. खरे आजारी कोण आणि आम्ही पाडलेले कोण, हे जुन्या काचा बघून कळत नाही. सगळ्यांना पुन्हा तपासावं लागेल, आणि त्यासाठी वरच्या कार्यालयाला चूक कळवावी लागेल.

मॅडम, तुम्ही मायेनेच म्हणालात, "आधी निरोपाचा समारंभ होऊ दे, दलेंदा. चौतीस वर्षं झाली त्यांना. मग लिहू."

मी ते सी तिजानींना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या गळ्यात हार पडेपर्यंत त्या अकराजणांनी गोळ्या गिळत बसायचं?"

स्वतःची वाटी स्वतःच भिंगाखाली धरणारा माणूस मला गुरू म्हणून लाभला. याहून मोठं कौतुक मला सुचत नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बाहेरच्या गरम ब्रिक शलबियामावशींच्या कढईतल्याच आहेत, त्यांचेही आभार. माझ्या बोलण्यातल्या चुका पदरात घ्या. वाटीतली चूक मात्र घेऊ नका. आणि मॅडम, क्षमा असावी: ते पत्र मी परवाच टपालात टाकलं. खाली दोन सह्या आहेत. पहिली सी तिजानींची.