आधीचा हिंमतराव, नंतरचा हिंमतराव

नाही, हसा, हसून घ्या! तुमचं काय जातंय? वाघोलीच्या चौकात दहा फुटी थोबाड तुमचं टांगलंय का? माझं टांगलंय! आणि एक नाही, दोन. एक 'आधी', एक 'नंतर'. तुम्हाला सांगतो, चेहरा उजळायच्या क्रीमला जाहिरातीसाठी म्हातारा हवा होता, मला मिरवायची हौस, गेलो सदाशिव पेठेत त्या अनिरुद्धच्या स्टुडिओत. त्यानं फोटो काढला एक, एकच! मग बसला कॉम्प्युटरवर आणि एका हिंमतरावला कोळसा फासला, सुरकुत्या ओढल्या, अगदी नदीनाल्यांचा नकाशा. दुसऱ्याला असा घासला, असा घासला की नाकाशेजारचा मससुद्धा गेला, ज्यावरून माझी आई मला गर्दीत ओळखायची! या दोघांच्या मधला जो मी, तो चौकात कुठेच नाही. आणि क्रीम? क्रीमची ट्यूब मी तोवर पाहिलीसुद्धा नव्हती. गंमत नाही, खरं सांगतोय!

बरं, लोक फसले तर मला गुदगुल्याच. बायका रस्त्यात थांबवायच्या, 'अहो बाबा, मग आता चेहरा असा का हो?' मी म्हणायचो, 'लावायचं सोडलं ना, चार दिवसांत उतरलं!' घरातही हेच ठोकून दिलं. आणि एके सकाळी बघतो तर माझी नात दीक्षा आरशासमोर, हातात तीच ट्यूब, दोन्ही गालांची सालटी निघालेली, लालभडक! सावळी, देखणी पोर हो, हिंजवडीत इंजिनिअर... हसायची बंद झाली, हसलं की गाल चरचरतात म्हणून. म्हटलं, 'बाई, टाक ती ट्यूब! तो फोटो खोटा आहे, कॉम्प्युटरवर केलाय.' तर म्हणते कशी, 'आबा, चौथी शिकलेल्या माणसानं मला कॉम्प्युटर शिकवू नये. आणि पेरूच्या बिया गिळल्या की कानातून झाड येतं, असं कोण म्हणालं होतं? आठवडाभर कानात बोळे घालून झोपले मी!' 'अगं ती गंमत, ही गंमत नाही, खरं सांगतोय!' 'तेव्हाही हेच म्हणाला होतात.'

झालं! सत्तर वर्षं थापा मारल्या, सगळ्या खपल्या. एक खरं बोललो, ते घरात खपेना. धावत अनिरुद्धकडे गेलो, 'बाबा रे, तेवढं पोरीला सांग.' तो मान वर न करता म्हणाला, 'गिऱ्हाइकाचं काम आम्ही बाहेर सांगत नाही. आणि एक वाजलाय. बंद करतोय.'

मग लावली पैज. महिनाभर क्रीम मी लावणार, फक्त डाव्या गालाला, उजवा कोरा. फरक नाही पडला तर ट्यूब कचऱ्यात. तोवर तिनं हात लावायचा नाही. पोरगी कबूल, मी खूश! फरक कसला पडतोय? अहो, या गालांनी कारखान्यात तीस वर्षं भट्टीची धग खाल्लीय!

पण दहाव्या दिवशी माझी बायको गोदाबाई चहा देता देता थबकली, 'अहो, जरा उजेडात या... डावीकडं उजळल्यासारखं वाटतंय.' म्हटलं, 'अगं, खिडकी डावीकडं आहे!' दुसऱ्या दिवशी शेजारचा सोनबा, 'हिंमतराव, डावा गाल मुलाचा वाटतो, उजवा बापाचा.' गंमत नाही, खरं सांगतोय! रोज दाढी करताना बघायचो, फरक नाही, अजिबात नाही... म्हणजे अगदीच नाही असं नाही... कानाजवळ थोडंसं... चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, काढल्यावर जास्त दिसायचं! आणि कुणी भेटलं की मान आपोआप वळायची, डावा गाल पुढं.

काल महिना भरला. दीक्षा ट्यूब घेऊन समोर उभी. तिचे गाल भरून आलेले, पहिल्यासारखे तुकतुकीत. 'आबा, आज थाप नको. फरक आहे की नाही?' छातीवर हात ठेवून म्हटलं, 'नाही. काडीचाही नाही.' तिनं माझ्याकडं नीट पाहिलं... आणि आयुष्यात पहिल्यांदा पोरीला माझं खरं वाटलं हो! हसली, चांगली गालभर हसली, निघाली कचऱ्याच्या डब्याकडं...

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'अगं थांब, टाकतेस काय! माझा उजवा गाल राहिलाय ना!'