दत्तारामची एकशे सव्वीस पानं

मंडळी,

मागे उभे आहात ते पुढे या. खुर्च्या आहेत. संपल्या तर गालिचा आहे. या घरच्या वहिनींचा आहे, पण आज त्या काही म्हणणार नाहीत.

रुमैथियातल्या या दिवाणखान्यात आपण कोजागिरी केली, हळदीकुंकू केलं, मंडळाच्या निवडणुकीवरून एकमेकांशी बोलणं टाकलं आणि पुढच्या गणपतीला परत धरलं. पण एका माणसासाठी असे गप्प बसायला इथे कधी जमलो नव्हतो. मला म्हणाले, तुम्हीच बोला, तुम्हाला सवय आहे. सवय आहे ती हशा घेण्याची. याची नाही. दोनदा उठलो आणि दोनदा पाणी पिऊन खाली बसलो, ते तुम्ही पाहिलंत. आता तिसऱ्यांदा उठलोय आणि पाणी संपलंय.

दत्ताराम शिगवण गेला. आखातात येऊन अहमदीला तेलाच्या टाक्यांवर रंग मारणारा, आकडे काढणारा पेंटर. दापोलीच्या पुढच्या एका खेड्यातला. वय सेहेचाळीस. शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्याला सकाळी कोणी उठवलं नाही. दहा वाजता त्याच्या खोलीतल्या बाळकृष्णाने चहा नेला, तेव्हा कळलं. झोपेतच गेला होता.

कंपनीचा कागदपत्रं करणारा मंदूब चार दिवस धावला. उद्या दुपारच्या विमानाने पेटी मुंबईला जाते. तिथून गाडीने गावी. सोबत मी जातोय.

आणि जाण्याआधी मला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे. ते आधीच सांगून टाकतो, कारण कामगारांच्या कँपची बस नऊला निघते आणि ड्रायव्हर खाली कोणाच्या दुःखासाठी थांबणारा नाही.

मला त्याची पानं हवी आहेत.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. काहींना माहीत असून आठवत नाही. दत्ताराम अकरा वर्षं एक चित्रकथा काढत होता. महिन्याला एक पान, सुट्टीवर गेला की खंड. त्यात उडणारा नायक नाही, राक्षस नाही. आपण आहोत. साइटवरचे, कँपवरचे, मंडळातले, भाजीच्या दुकानात दोडक्यावरून भांडणारे. आणि पान पुरं झालं की ज्याच्यावर काढलंय त्यालाच देऊन टाकायचा. मी म्हणालो, अरे, एक तरी जवळ ठेव. म्हणाला, "ज्याचं तोंड त्याचं पान, साहेब. आणि ठेवू कुठं? खोलीत सहा मानसं. पलंगाखाली एक ट्रंक, तिच्यात निम्मे बाळ्याचे पापड."

त्याची एक पद्धत होती. चित्रात बोलणं लिहायचे फुगे असतात ना, ते तो रिकामे ठेवायचा. मग पान घेऊन तुमच्याकडे यायचा, खिशातून पेन काढायचा आणि विचारायचा, "इथं तुमी काय बोलता, सांगा." आपण सांगू ते तो लिहायचा. एक अक्षर बदलायचा नाही.

देवस्थळी साहेब समोर बसलेत. साहेब, तुमच्या हॉलमध्ये त्याचं पान फ्रेम करून लावलंय. धुळीचं वादळ आहे, तुम्ही गाडीत काच वर करून बसलात, बाहेर सात माणसं तोंडाला फडकं बांधून उभी आहेत. आणि फुग्यात तुमचं वाक्य आहे, "माझी साइट म्हणजे एक कुटुंब." तुम्ही ते अभिमानाने लावलंत. याचा अर्थ तुम्ही ते वाचलंत, पाहिलं नाहीत. रागावू नका. माझी पाळी येणार आहे.

आता हे सगळं आजच का, ते सांगतो.

रविवारी त्याच्या मुलीचा फोन आला. सुप्रिया, बारावीला आहे. रडत नव्हती. मला वाटलं होतं रडेल, मग मी काहीतरी बोलेन. ती म्हणाली, "काका, पेटीबरोबर बाबांची पानं येतील ना?"

मी म्हणालो, "कसली पानं, बाळा?"

"चित्रांची. बाबा म्हणायचे, मी दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस येतो. मधलं सगळं काढून ठेवलंय. एकदा सगळं घेऊन येईन, मग पहिल्या पानापासून बघू."

ती तीन वर्षांची असताना तो इथे आला, युद्धानंतर, ब्याण्णव साली. सात सुट्ट्या. फोन ठेवल्यावर मी गणित केलं. बाप तिला सगळा मिळून वर्षभरसुद्धा मिळालेला नाही. आणि ती विचारत होती, उरलेली तेरा वर्षं पेटीबरोबर येतील ना?

मी "हो" म्हणालो.

माणसं अशीच फसतात, मंडळी. समोरच्याने पुढचं काही विचारू नये म्हणून आपण हो म्हणतो.

त्याच्या ट्रंकेत एक वही सापडली. पानाचा नंबर आणि कोणाला दिलं त्याचं नाव, बहुतेक कायमचं जाताना मागून न्यायची म्हणून. एकशे सव्वीस पानं. रविवारपासून मी फोन करतोय. आज संध्याकाळपर्यंत माझ्याकडे किती आलीत, ऐका. एकोणीस.

एकाने सांगितलं, घर बदलताना गेलं. एक म्हणाले, ते कार्टून होय? त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आमच्या चिन्मयने गणितं केली. एका वहिनींनी कपाटाच्या खणात अंथरलं होतं, ते काढून दिलं. डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, पण आहे, आणि मी त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो. एकतीस जण कायमचे भारतात गेले. त्यांच्यातल्या नऊ जणांचे फोन लागले. एक जण म्हणाला, "दत्ताराम कोण?" त्याच्यावर दत्तारामने चार पानं काढली होती.

मी या सगळ्यांना दोष देत नाही. ते पान काय आहे हे आपल्यापैकी कोणाला कळलं होतं? आपल्या लेखी तो चाळिशी ओलांडलेला, पोरांची पुस्तकं बघणारा एक पेंटर होता.

मी स्टोअरमध्ये. रंगाचे डबे सही घेऊन द्यायचे, हे माझं काम. तिथे त्याची ओळख झाली. दर शुक्रवारी तो जुन्या बाजारात जायचा. देश सोडून गेलेल्या लोकांच्या घरातलं सामान तिथे ढिगाने येतं, त्यात कॉमिक्सचे गठ्ठे असायचे. इंग्रजी, अरबी, फ्रेंच. याला यातली एकही भाषा वाचता येत नव्हती. मी विचारलं, मग घेतोस कशाला? म्हणाला, "वाचता येत नाय म्हनून तर नीट बघतो. चित्र खोटं बोलाय लागलं की लगेच कळतं. अक्षर असलं की कळत नाय."

काही पानांवर कोणीतरी काळ्या मार्करने बायकांचे खांदे झाकलेले असायचे. त्यावर हा धंद्यातल्या माणसासारखा बोलायचा. "एकच कोट मारलाय, साहेब. खालचं दिसतंय."

लहानपणी दापोलीला तासाच्या भाड्याने कॉमिक्स मिळायची. एका तासात हा एकच पुस्तक तीनदा बघायचा, तिसऱ्यांदा उलटं धरून. उलटं धरलं की गोष्ट निघून जाते आणि रेघ राहते, असं म्हणायचा. आपल्यातल्या किती जणांनी काही इतकं जीव लावून पाहिलंय? मी नाही.

एकदा एका फाटक्या मासिकात त्याला फोटो सापडला. खालचा इंग्रजी मजकूर मला वाचायला दिला. परदेशात कॉमिक्सची जत्रा भरते, मोठी माणसं पात्रांचे कपडे घालून येतात, चित्रकार टेबल मांडून बसतात आणि लोक त्यांच्यापुढे रांग लावतात. त्याने मला ते वाक्य तीनदा वाचायला लावलं.

"रांग? कशासाठी?"

"सही घ्यायला. चित्र काढून घ्यायला."

"चित्र काढनाऱ्याची सही?"

तर आपणही भरवली, आठवतंय? खैरानला, आपल्यातल्या एकाच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा त्या मालकाच्या, समुद्रावरच्या सुट्टीच्या बंगल्यात, चॅलेमध्ये. तीन हिवाळे. आपली मुलं टॉवेलाची पाठीवर झूल करून आली. कँपवरचे सगळे ड्यूटीच्या पिवळ्या बॉयलरसूटमध्ये आले आणि म्हणाले, आम्ही वेष करूनच आलोय. देवस्थळींच्या धाकटीने बाळकृष्णाला विचारलं, "अंकल, हू आर यू सपोज्ड टु बी?"

"वेल्डर."

"व्हॉट्स युअर पॉवर?"

बाळकृष्णाने विचार केला आणि म्हणाला, "बेटा, पन्नास डिग्री में काम करता हूँ."

ती म्हणाली, "कूल." आणि आपण सगळे हसलो, बाळकृष्ण सोडून.

दत्ताराम एका घडीच्या टेबलामागे पेन्सिल घेऊन बसला होता. त्याच्यापुढे रांग लागली. अकरा माणसांची, त्यात मी दोनदा. त्या दिवशी तो जेवला नाही. उठलो तर रांग मोडेल म्हणाला. मी चौदा वर्षं त्याला पाहिलं, पण तितका सुखी माणूस मी त्याच्यातही परत पाहिला नाही आणि दुसऱ्या कोणातही नाही.

चौथ्या हिवाळ्यात जत्रा का भरली नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला माहीत होतं, म्हणून मीही विचारलं नाही.

त्याआधीच्या गणपतीत मी स्टेजवर बोलत होतो. नेहमीसारखं, एकेकाला चिमटे काढत. हशा जरा कमी पडायला लागला होता. समोर मागच्या बाजूला दत्ताराम दिसला. मी म्हणालो, "आमच्या दत्तारामचं वय चाळीस. सध्या चित्रं बघतो. प्रगती चांगली आहे, पुढच्या वर्षी त्याला अक्षरओळख सुरू करणार आहोत."

केवढे हसलात तुम्ही. मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, आज जमलं.

महिन्याभराने तो पान घेऊन स्टोअरमध्ये आला. अठ्ठावन्नावं पान. सबंध पानभर एकच चौकट. हॉल, स्टेजवर मी, माझा हात वर, समोर तुम्ही सगळे दात दाखवून हसताय, प्रत्येकाचे दात वेगळे. मागे तो. तोही हसतोय, तुमच्याइतकंच. आणि दोन्ही हात पाठीमागे. त्या हातांत एक कॉमिक गुंडाळून धरलंय, कोणाला दिसू नये असं.

"इथं तुमी काय बोलता, सांगा."

मला तेव्हा बोलता आलं असतं. फुगा रिकामा होता, पेन त्याच्या हातात होतं. मी म्हणालो, "लिही. थट्टा आहे रे, मनावर घेऊ नकोस." त्याने ते सुवाच्य अक्षरात लिहिलं, कागदावर फुंकर मारली आणि मला दिलं.

थंडी पडल्यावर मी विचारलं, चॅलेची किल्ली मागू का? म्हणाला, "नको, साहेब. ल्हान पोरांचं काम ते."

ते पान मी घरी नेलं नाही. आमच्या इमारतीखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. चार तुकडे करून. वहीत अठ्ठावन्न नंबरासमोर माझं नाव आहे, आणि इतके दिवस मी लोकांना फोन करून विचारतोय की तुम्ही तुमचं पान कुठे हरवलंत.

परवा तिच्यासमोर मी काय ठेवू? एकोणीस कागद? त्यातल्या एकाला डांबराच्या गोळ्यांचा वास?

म्हणून ऐका. ज्यांच्याकडे पान आहे, त्यांनी उद्या सकाळी दहाच्या आत मला द्या. फ्रेममधलं असेल तर फ्रेमसकट द्या. त्यात आपण वाईट दिसतो म्हणून लपवलं असेल, तर तेच आधी द्या. आणि ज्यांचं गेलं, त्यांनी माझ्याकडे या. दाराजवळच्या टेबलावर कोरे कागद ठेवलेत. चित्रात काय होतं ते सांगा, फुग्यात तुम्ही काय म्हणालात ते सांगा, मी लिहून घेईन. मला रेघ मारता येत नाही. अठ्ठावन्नावं पान काल दुपारी काढायला बसलो, तर सगळ्यांचे दात सारखेच आले. शेवटी शब्दांत लिहून काढलं, माझ्या त्या वाक्यासकट. चित्र तिच्यापर्यंत जाणार नाही, निदान त्यात काय होतं एवढं तिला कळेल. नऊ वाजले तर मी कँपच्या बसमध्ये चढतो. अहमदीपर्यंत उभा राहून लिहीन. बाळकृष्णा, तू मला सगळ्या खोल्यांमध्ये घेऊन चल.

किती होतील? मला माहीत नाही. एकशे सव्वीस होणार नाहीत. एवढं मी तिला तोंडावर सांगेन. या वेळी हो म्हणणार नाही.

आता उभे राहू या. दोन मिनिटं. देवाचं नाव घ्यायचं असेल त्यांनी घ्या, पण माझी एक विनंती आहे. डोळे मिटल्यावर आपापलं पान आठवा. आधी चित्र आठवा. आपण काय बोललो होतो, ते नंतर.